आधी शाळा, मग तिकीट

(संस्थेच्या वार्षिक पालक-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुलांना घेऊन परदेशी जाताना काय काळजी घ्यावी, या विषयावर मी बोलावे अशी कार्यवाहांची इच्छा आहे. विषय ऐकून काहींना सिंगापूरची सहल आठवली असेल. सहलीविषयी मी बोलणार नाही. त्या कामासाठी सहल कंपन्या आहेत आणि त्या माझ्यापेक्षा गोड बोलतात. आपल्या भागात ‘बाहेर गेला’ एवढे म्हटले की पुरते; कोठे गेला हे कोणी विचारीत नाही. दुबई, शारजा, मस्कत, कुवेत, दोहा, जेद्दा, रियाध ही नावे आपल्या आजी-दादींनाही शेजारच्या तालुक्यासारखी पाठ आहेत. तेव्हा बोलायचे ते त्याच प्रवासाविषयी. मी काही वर्षे आखातातील एका भारतीय शाळेत शिकविले आणि पुढे कोकणातल्या हायस्कुलात. त्यामुळे जाणारी मुले आणि परत येणारी मुले, दोन्ही मी वर्गात पाहिली आहेत.

खाडीकाठच्या आपल्या गावांना परदेश नवा नाही. आपल्या वाडवडिलांपैकी कोणी बोटीवर सारंग होते, कोणी तांडेल, कोणी भंडारी. कोणी पूर्व आफ्रिकेत गेले, कोणी थेट केपटाउनला जाऊन स्थायिक झाले; तेथे कोकणी मुसलमानांची वस्ती आजही आहे. पण बहुतेक जण गेले ते एकटे. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखातात बांधकामे निघाली, तेव्हाची पहिली पिढीही एकटीच गेली. त्या काळातील मुलगा बापाला ओळखीत असे तो पत्रांतून आणि कॅसेटवर भरून पाठविलेल्या आवाजातून. दोन वर्षांनी बाप घरी आला की लहानगा आईच्या पदराआड लपे आणि ‘हे काका कोण’ म्हणून विचारी. येथे बसलेल्या कित्येकांनी हे अनुभवले आहे, म्हणून मुलांना सोबत नेण्याची त्यांची ओढ मला पूर्णपणे समजते. बापाच्या सावलीत मूल वाढावे याहून रास्त इच्छा कोणती?

प्रश्न इच्छेचा नाही, क्रमाचा आहे. आपल्याकडे काय होते? प्रथम व्हिसा निघतो. लगेच तिकीट काढले जाते, कारण त्या आठवड्यात भाडे कमी असते. मग बॅगा भरल्या जातात. शाळेचा दाखला मागायला कोणी तरी चुलता निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी येतो, तेव्हा हेडक्लार्क रजेवर असतो. आणि तेथे पोहोचल्यावर शाळेचा शोध सुरू होतो. माझे म्हणणे इतकेच आहे की, हा क्रम उलटा करावा. मूल कोणत्या शाळेत, कोणत्या वर्गात, कोणत्या बोर्डात बसणार आणि त्याची दहावी-बारावी कोठे होणार, हे आधी ठरावे. तिकीट मागाहून काढावे.

संयुक्त अरब अमिरातीचे उदाहरण घ्या. २०१९ साली तेथे नियम बदलला. पूर्वी कुटुंब आणण्यासाठी नोकरीचा हुद्दा पाहत, आता मिळकत पाहतात : महिना ४,००० दिरहम, किंवा ३,००० दिरहम आणि राहण्याची सोय. त्यामुळे पूर्वी ज्यांना बायको-मुले नेता येत नव्हती अशांनाही दार उघडले, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु कुटुंब आणण्याची परवानगी मिळणे वेगळे आणि कुटुंब पोसणे वेगळे. चार हजार दिरहमांत घरभाडे, दोन मुलांची शाळेची फी, शाळेच्या बसचे भाडे, पुस्तके आणि गणवेश बसतात काय, याचा हिशोब कागदावर मांडून पाहावा. तेथे आपल्यासारखी अनुदानित शाळा नाही. भारतीय मुले भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांत जातात. यांपैकी काही चांगल्या जुन्या आहेत. बहरीनची इंडियन स्कूल १९५० सालची, दुबईची इंडियन हायस्कूल १९६१ ची, जेद्द्याची १९६९ ची, मस्कतची १९७५ ची. पण नाव मोठे तेथे रांगही मोठी. जागा न मिळाल्यामुळे मूल वर्षभर घरी बसले आणि आई मोबाईलवर त्याचा अभ्यास घेत राहिली, अशी कुटुंबे मला ठाऊक आहेत.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. तेथील भारतीय शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि मोठी सुटी साधारण जुलै-ऑगस्टमध्ये पडते. आपले वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि सुटी मे महिन्यात. म्हणजे जूनमध्ये नेलेले मूल तेथे दोन महिने मागे पडलेले असते. आणि नुसत्या भेटीपुरते मुलांना नेणारे मे महिन्यात नेतात, तेव्हा बापाला रजा नसते, तेथल्या मुलांच्या शाळा चालू असतात आणि बाहेर चाळीस अंशांच्या वर ऊन असते. मूल महिनाभर एका खोलीत एअर कंडिशनखाली टीव्ही पाहून परत येते. उलट, तेथे वाढणारी मुले गावी येतात ती भर पावसात. त्यांना कोकण म्हणजे चिखल, गळणारी कौले आणि गेलेली वीज! झाडावरचा हापूस त्यांनी कधी पाहिलेलाच नसतो. अशी मुले ‘गावात बोअर होते’ म्हणाली तर त्यांना दोष कसा द्यावा? त्यांच्या नानाने एखाद्या वर्षी फणस-आंबे सरण्याआधी त्यांना बोलावून घेण्याची युक्ती काढली पाहिजे.

शाळा चालू असताना, भाडे स्वस्त मिळते म्हणून, मुलांना सहा-सहा आठवडे नेणारेही पालक आहेत. त्यांना मी सरळ सांगतो : तिकिटात वाचलेले दहा हजार रुपये पुढे शिकवणीत जातात, आणि गणितातील राहून गेलेला धडा तरीही राहतोच.

आता दहावी-बारावीकडे वळतो. येथे थोडे सविस्तर बोलावे लागेल, कारण या ठिकाणी झालेली गफलत मागाहून पैशाने भरून निघत नाही.

केंद्रीय मंडळ, म्हणजे सीबीएसई, नववी आणि दहावी हा दोन वर्षांचा सलग अभ्यासक्रम मानते, तसेच अकरावी-बारावीचे. दहावीत किंवा बारावीत मधूनच शिरता येत नाही. पालकाची बदली वगैरे कारणे असली तर मंडळाची परवानगी घेऊन मार्ग निघतो, पण तो खटाटोपच असतो. म्हणून मूल हलवायचे तर आठवी संपेपर्यंत, नाही तर दहावी संपल्यावर. मधली दोन वर्षे त्याला एका जागी राहू द्यावे.

यापेक्षा मोठी गोष्ट वैद्यकीय प्रवेशाची. आपल्या समाजात आज मुली मोठ्या संख्येने डॉक्टर होऊ पाहतात, ही अभिमानाची बाब आहे. महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातील वैद्यकीय जागांसाठी सर्वसाधारण नियम असा आहे की, उमेदवार महाराष्ट्राचा अधिवासी असावा आणि दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील संस्थांतून उत्तीर्ण झालेला असावा. सरकारी नोकरांच्या मुलांना काही सवलती आहेत. खासगी नोकरीसाठी बाहेर गेलेल्या बापाच्या मुलीला ती सवलत नाही. म्हणजे मुलगी जन्माने रत्नागिरीची, घर रत्नागिरीत, रेशन कार्डात नाव, पण दहावी दुबईत झाली की राज्य कोट्याचे दार तिला बंद. सरकारी महाविद्यालयांतील अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्के जागा तिला मोकळ्या राहतात, तेथे सर्व देशाशी स्पर्धा. खासगी महाविद्यालयातील अनिवासी भारतीयांचा कोटा आहे, पण त्याची फी ऐकून भल्याभल्यांना घाम फुटतो. २०२१ पासून नीटची परीक्षा कुवेत आणि दुबईत बसून देता येऊ लागली, पुढच्या वर्षी आणखी शहरे वाढली. त्यामुळे पालकांना वाटते की सगळी सोय झाली. सोय झाली ती परीक्षेला बसण्याची. जागेची गोष्ट वेगळी आहे. आठवीत असताना हे कळले तर उपाय आहे. निकालानंतर कळले तर नाही. प्रवेशाची माहितीपुस्तिका दरवर्षी निघते, तिच्यात बदलही होतात. ती त्या त्या वर्षी स्वतः वाचावी, एजंटाच्या तोंडी शब्दावर राहू नये.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अभियांत्रिकीकडे जाणाऱ्यांसाठी आखातात काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांचा एक वेगळा वर्ग आहे. एआयसीटीईच्या मान्यतेने काही महाविद्यालयांत १५ टक्क्यांपर्यंत अधिक जागा परदेशी नागरिक वगैरेंसाठी निर्माण करता येतात, आणि त्यांतील एक तृतीयांश या मुलांसाठी असतात. बाप आखातात नोकरीला आहे याचा पुरावा लागतो. आपल्याकडील किती पालकांना ही गोष्ट माहीत आहे? हात वर करा म्हटले तर या सभागृहात चार हातही वर येणार नाहीत, असा माझा अंदाज आहे.

आता कागदपत्रे. हा भाग रुक्ष आहे, पण विमानतळावर मुलाला अडविले जाते ते याच भागासाठी.

एके काळी मुलांची नावे आईबापाच्या पासपोर्टवरच चढवीत. ते दिवस गेले. आज दोन महिन्यांच्या बाळालाही स्वतंत्र पासपोर्ट लागतो. अज्ञान मुलाच्या पासपोर्टची मुदत पाच वर्षे किंवा अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल ते; पंधरा ते अठराच्या दरम्यान मागितल्यास दहा वर्षांचाही मिळतो. बापाचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, म्हणून मुलाचाही तसाच असेल असे समजून लोक तिकीट काढतात आणि काउंटरवर कळते की मुदत मागील महिन्यात संपली. शिवाय, मुदत सहा महिने तरी शिल्लक असावी लागते. अर्जावर आई आणि वडील दोघांची संमती लागते. वडील बाहेर असतील तर ती आधी मागवून ठेवावी.

जन्मदाखल्याकडे आपले लोक फार दुर्लक्ष करतात. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो, पासपोर्टलाही तोच. आपल्या खेड्यांतील कित्येक दाखल्यांवर मुलाचे नावच नसते, नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. जन्मनोंदीत नाव घालण्याची मुदत पंधरा वर्षांपर्यंत असते. आजच घरी जाऊन पेटीतील दाखला पाहा.

आणि नावाचा घोटाळा! जन्मदाखल्यावर ‘मोहम्मद’ पूर्ण, शाळेत ‘मो.’, आधार कार्डावर ‘मोहद’, पासपोर्टवर आणखी काही तरी. शाळेच्या रजिस्टरात आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. काही मुलांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामाच ठेवलेला असतो. नोव्हेंबर २०२२ पासून अमिरातीने एकेरी नावाच्या पासपोर्टवर भेटीचा व्हिसा देणे थांबविले, तेव्हा असे पुष्कळ प्रवासी अडकले. मूल शाळेत असेपर्यंत जनरल रजिस्टरातील चूक दुरुस्त होऊ शकते; शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यावर ती दुरुस्ती फार अवघड होते. म्हणून जन्मदाखला, शाळा, आधार आणि पासपोर्ट या चौघांवर एकच नाव, एकच स्पेलिंग असावे. मुलाचे नाव ठेवताना आपण चार वडीलधाऱ्यांना विचारतो. ते लिहिताना मात्र कोणालाच विचारीत नाही.

शाळेचा दाखला निघाला की काम संपले असेही नाही. बाहेरच्या शाळा त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी आणि पुढचे साक्षांकन मागतात. त्यासाठी काही आठवडे हाताशी ठेवावेत. लसीकरणाचे कार्ड, मागील दोन वर्षांची प्रगतिपत्रके आणि मुलाचा सरल व यू-डायसचा क्रमांक एका पिशवीत घालून ती पिशवी हातात ठेवावी, सामानात टाकू नये.

ज्यांना बाहेर असताना मूल होते त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आखातात जन्मल्याने त्या देशाचे नागरिकत्व मिळत नाही. ३ डिसेंबर २००४ पासून असा कायदा आहे की, परदेशात जन्मलेल्या भारतीयाच्या मुलाची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत झाली पाहिजे. ‘पुढच्या सुटीत बघू’ म्हणण्याजोगे हे काम नाही.

प्रत्यक्ष प्रवासाविषयी थोडक्यात सांगतो, कारण बायका या बाबतीत पुरुषांपेक्षा शहाण्या असतात. खेड-चिपळूणहून रात्रीची गाडी करून, निम्मे गाव बरोबर घेऊन सहारला जाण्याची आपली पद्धत आहे. निरोपाचे प्रेम खरे, पण त्यात लहान मूल रात्रभर जागे राहते आणि विमानात बसते ते रडकुंडीला येऊनच. विमान उतरू लागले की मुलांचे कान दुखतात. तान्ह्याला त्या वेळी अंगावर पाजावे, मोठ्याला पाणी किंवा गोळी द्यावी. गिळत राहिले की कान मोकळे होतात. मुलाच्या खिशात बापाचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.

दुसरे, घरचा मसाला. आपल्या मसाल्यात खसखस असते, शीरखुर्म्यात असते. अमिराती आणि सौदी अरेबियात खसखस अमली पदार्थांत मोडते आणि तिच्यापायी लोक कोठडीत गेले आहेत. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते, त्यालाही तेथे परवानगी लागते. मुलाचे औषध न्यायचे तर डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर असावी. आणि शेजाऱ्याने दिलेले शिवलेले पार्सल? आपल्या समाजात ‘नाही’ म्हणणे जड जाते हे मी जाणतो. तरी पार्सल समोर उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नका; मुले बरोबर असताना तर मुळीच नाही. रागावणारा शेजारी पुढच्या ईदला पुन्हा बोलू लागतो.

तेथे पोहोचल्यावरची एक धोक्याची गोष्ट. आपले मूल अंगणात, पडवीत, मोकळ्या दाराच्या घरात वाढलेले असते. तेथे ते एकदम अकराव्या मजल्यावर जाते. खिडकीशी पलंग किंवा खुर्ची असली की ते चढते. शारजा-दुबईत खिडक्यांतून आणि बाल्कन्यांतून लहान मुले पडल्याच्या घटना घडल्या आहेत. खोली ताब्यात घेताच पहिले काम खिडकीला अडसर लावण्याचे, दुसरे काम बाकी सगळे. तसेच, ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून बंद गाडीत मुलाला ठेवू नये. तेथील उन्हात दोन मिनिटेही पुष्कळ होतात.

येथपर्यंत जाण्याविषयी बोललो. येण्याविषयी आपण बोलतच नाही. जाताना गाडी करून निम्मे गाव येते. परत येतात तेव्हा कोणाला कळतही नाही.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतले, तेव्हा सुमारे एक लाख सत्तर हजार भारतीयांना अम्मानमार्गे मायदेशी आणावे लागले. शाळांची सुटी असल्याने पुष्कळ बायका-मुले तेव्हा गावीच आलेली होती. ती वाचली, पण त्यांचे दप्तर, दाखले, सर्व काही कुवेतच्या फ्लॅटमध्ये राहिले. १ जुलै २०१७ पासून सौदी अरेबियाने परदेशी कामगाराच्या कुटुंबातील प्रत्येक माणसामागे महिना १०० रियाल शुल्क लावले आणि ते दरवर्षी वाढवीत २०२० पर्यंत ४०० वर नेले. बायको आणि तीन मुले म्हटली की महिन्याला १,६०० रियाल, वर्षाला १९,२००. मध्यम पगाराच्या माणसाने काय करावे? त्याने बायको-मुलांना गावी पाठविले. त्यानंतर २०२० मध्ये कोरोना आला. मे महिन्यात वंदे भारत विमाने सुरू झाली आणि नोकरी गेलेली कुटुंबे परतली. यांतील एकही घटना त्या मुलांच्या हातची नव्हती.

सौदीतले शुल्क सुरू झाल्यानंतर माझ्या वर्गात एक मुलगा आला. सातवीत, नोव्हेंबर महिन्यात. जेद्द्याला वर्गात पहिला यायचा. इंग्रजी झकास, अरबी येत होते, हिंदीमुळे देवनागरी वाचायचा. पण ‘ळ’ पाहिला की थांबायचा. मराठीच्या तासाला त्याने ‘कमळ’चे ‘कमल’ वाचले आणि वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून तो शेवटच्या बाकावर जाऊन बसला. आठवडाभराने त्याची आई आली. तिला रडू आवरत नव्हते. “सर, तिकडे तो इतका बोलायचा, इकडे घरातही बोलत नाही,” असे ती म्हणाली. आमच्या एका शिक्षिकेने त्याला चौथीचे बालभारतीचे पुस्तक दिले आणि शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास घेऊन बसू लागल्या. पैसे न घेता. मार्चपर्यंत तो निबंध लिहू लागला. निबंध चांगला होता असे नाही, पण स्वतःचा होता. त्या बाईंचे नाव येथे घेतलेले त्यांना आवडणार नाही, म्हणून घेत नाही.

२०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. ते योग्यच झाले. पण म्हणूनच बाहेर असताना घरात मुलांशी आपली कोकणी बोली बोला, मराठी वाचायला लावा. पुष्कळ घरांत आई इंग्रजीतच बोलण्याचा अट्टहास करते, बाप हिंदीत. मुलाला तेथे इंग्रजी शाळाच शिकविणार आहे. दादीची भाषा शिकविणारे तेथे दुसरे कोणी नाही. फोनवर नातू आणि दादी यांच्यामध्ये दुभाषी लागावा, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे.

आता संस्थेच्या चालकांना एक विनंती, स्पष्ट बोलल्याबद्दल राग मानू नये. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला त्याच्या वयानुसार वर्गात घ्यावे लागते. दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अल्पसंख्याकांच्या शाळा या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिल्या. म्हणजे सरकारी शाळेने मधल्या महिन्यात आलेल्या मुलाला घेतलेच पाहिजे, आणि आपण मात्र ‘जूनमध्ये या’ म्हणू शकतो. एका शाळेने असे म्हटलेलेही मी पाहिले आहे, आणि तेही त्याच समाजाच्या मुलाला, ज्याच्या बापाच्या देणगीची पाटी इमारतीवर आहे. आपल्या संस्थेत असे होऊ नये. परत आलेल्या मुलासाठी प्रत्येक शाळेत एक शिक्षक नेमावा, मराठीचा जादा तास ठेवावा. याला फार पैसा लागत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याशीही दोन शब्द. तुमच्यापैकी कोणी या वर्षी अब्बांकडे जाणार असाल. जाण्यापूर्वी अब्बांना फोनवर विचारा : माझी शाळा कोणती, ती किती लांब, मी बसने जाणार की चालत? विचारण्यात उद्धटपणा नाही. आयुष्य तुमचे बदलणार आहे, तुम्हाला माहिती हवी. मोठी माणसे मुलांना प्रवासाचे सांगतात ते आदल्या रात्री. मुलाला निरोप घ्यायलाही वेळ मिळत नाही. आणि जे येथेच राहणार आहात त्यांच्या वर्गात कधी तरी एखादा मुलगा किंवा मुलगी मधल्या महिन्यात येईल. त्याचे बूट महाग असतील, त्याचे मराठी तुम्हाला विचित्र वाटेल. त्याला जोडाक्षर अडले तर हळूच सांगा. तुमचे इंग्रजी अडले तर त्याला विचारा. डबा खाताना त्याला बोलवा.

ज्यांनी मुलांना गावी ठेवून एकट्यानेच बाहेर राहण्याचे ठरविले आहे, त्यांच्याविषयी कोणी हलके बोलू नये. काही घरांत तोच निर्णय योग्य असतो, विशेषतः मुलगी नववी-दहावीत असताना. मात्र अमिरातीचा राहण्याचा व्हिसा असलेले मूल सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिले तर सर्वसाधारणपणे तो व्हिसा रद्द होतो, हे धरून बेत आखावा. पूर्वी मुलगा अठरा वर्षांचा झाला की बापाच्या व्हिसावर ठेवणे कठीण होते. २०२२ मध्ये तेथे ही मर्यादा पंचवीस वर्षांपर्यंत नेली, तेव्हा बारावी येथे करून पुढे बापाकडे जाण्याची वाटही आता खुली आहे.

सभेची सूचना पाठविताना मी कार्यवाहांमार्फत कळविले होते की, ज्यांचे जाणे ठरले आहे त्यांनी मुलांचे जन्मदाखले आणि पासपोर्ट बरोबर आणावेत. ज्यांनी आणले असतील त्यांनी चहानंतर ऑफिसशेजारच्या खोलीत यावे. मी आणि शाळेचे हेडक्लार्क तेथे सहा वाजेपर्यंत बसणार आहोत. नावे ताडून पाहू, आणि दुरुस्तीचा अर्ज करायचा असेल तर तो आजच लिहून घेऊ.